जांभळ्या टाक्या

माझ्या लेकीनं बाराव्या वर्षी काढलेलं एक चित्र मी बिघडवलं, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. आणि कळलं कुठं, तर बीड बायपासवरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. मधली सगळी वर्षं मी ते चित्र पाहुण्यांना दाखवत होतो. कुणी आलं की आतून चहा येईपर्यंत त्याचंच कौतुक चालायचं. पाहुणे बिचारे माना डोलवायचे.

आधी मी कोण ते सांगतो. गारखेड्यातल्या एका शाळेत तीस वर्षं मी चित्रकला शिकवली. शिकवली म्हणायचं आपलं. ग्रेड परीक्षेला पोरं बसवायची आणि पास करून आणायची, हे माझं खरं काम. त्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं ज्यांना कुत्रं आणि घोडं वेगळं काढता येत नाही, असलीही पोरं माझ्याकडं यायची. त्यांना मी स्मरणचित्र पाठ करून द्यायचो. हसू नका. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं चित्र, आणि ते मी पाठ करून घ्यायचो. विषय बाजार येवो, बसस्टँड येवो नाहीतर जत्रा येवो, माणसं तीच तीन: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा फेटेवाला आणि सायकल धरून उभा असलेला एक इसम. बाजार असला की मागं भाजीचे ढीग टाकायचे, स्टँड असलं की लाल एसटी. सगळं झालं की काळा पोस्टर कलर घ्यायचा आणि दोन नंबरच्या ब्रशनं आऊटलाइन मारायची. आऊटलाइन मारली की चित्र उठून दिसतं, हे माझं दर वर्षीचं पहिल्या तासाचं वाक्य.

शाळेत प्रदर्शन असलं की पोरांच्या चित्रांवर शेवटचा हात मीच फिरवायचो. साहेब लोक येणार, पालक येणार, चित्रं मळकट दिसून कसं चालेल? सगळेच मास्तर फिरवतात. पोरंही खूश असायची, कारण खाली नाव त्यांचंच असायचं. मला त्यात कधी काही वाटलं नाही.

तर ते चित्र. आमची पोरगी माझ्याच शाळेत सहावीत होती. डिसेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी ती पहाटेच उठून रंगपेटी घेऊन गच्चीवर जाऊन बसली. आमच्या भागात नळाला पाणी दिवसाआड, दोन दिवसाआड यायचं. आता तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक घरावर दोन-तीन काळ्या टाक्या असतातच. गच्चीवर उभं राहिलं की चहूकडं टाक्याच टाक्या. त्या दिवशी धुकं पडलं होतं. ती दोन तासांनी खाली आली आणि कागद माझ्यापुढं धरला. सगळ्या टाक्या जांभळ्या. एका बाजूनं नारिंगी. टाकी कुठं संपली आणि धुकं कुठं सुरू झालं, काही पत्ता नाही. वायरी नाहीत, कठडे नाहीत, कशालाच कड नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या घरात, चित्रकलेच्या मास्तरच्या घरात हे असलं! मी म्हणालो, "टाकी काळी असते."

ती म्हणाली, "सकाळी नसते, पप्पा."

हे मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगितलं. लई हसले सगळे.

पुढच्या महिन्यात गॅदरिंगचं प्रदर्शन होतं. तिनं तोच कागद दिला, मीही घेतला, आणि शेवटचा हात फिरवला. एकेका टाकीला काळी, ठसठशीत आऊटलाइन. मग कठड्यांना. मग वायरी ताणल्या, वायरींवर दोन कावळे बसवले. शेजारच्या गच्चीवर डोक्यावर हंडा घेतलेली बाई काढली, म्हणजे आपली ती पाटीवालीच, पाटीचा हंडा केला. चित्र असं उठून दिसायला लागलं म्हणता! पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्यांच्या हस्ते पोरगीनं प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला. मी ते चित्र शहागंजातल्या एका चाचांकडून सोनेरी पट्टीची फ्रेम करून आणलं आणि बैठकीत लावलं.

त्यानंतर पोरगीनं दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या. दोन्हीला ए ग्रेड. माझी तीन माणसं तिनं माझ्यापेक्षा बरी काढली. मग सायन्स, मग डिप्लोमा, आता वाळूजच्या एका कंपनीत पार्ट तपासते, मापात आहे का नाही ते बघते. लग्न झालं, तिकडंच राहते. ब्रश म्हणून तिनं पुन्हा हातात घेतला नाही. मला वाटायचं, मोठी झाली, सुटलं. सगळ्यांच्याच पोरांचं सुटतं. पण खरं सांगतो, अधूनमधून मनात यायचं की हिनं काढायला पाहिजे होतं. का सोडलं असेल? हे मी तिलाच विचारावं, असं मात्र कधी सुचलं नाही.

यंदा जानेवारीत चौकात बॅनर लागलं. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रांचं प्रदर्शन. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की चित्रं मूळ नाहीत, कॅनव्हासवर छापलेल्या प्रती आहेत. मूळ चित्रं आमच्या बायपासवर कशाला येतील? मी बायकोला म्हणालो, चल. ती म्हणाली, "तीस वर्षं चित्रंच बघितली ना? येताना मेथी आणा."

हॉल लग्नाचाच. स्टेजवर नवरा-नवरीचा लाल सोफा तसाच होता, थर्माकोलची अक्षरं कोपऱ्यात सरकवून ठेवलेली. मधोमध प्लायवूडचा छोटा पूल केला होता, खाली प्लास्टिकची कमळं, आणि त्या पुलावर फोटो काढायला ही रांग. चित्रांपुढं कुणी नाही. मी मनात म्हणालो, चला, जत्रा आहे, आपल्याच विषयाची. मला त्या चित्रांचं अप्रूप नव्हतं. चित्रकलेच्या डिप्लोमाला असताना ह्याच इम्प्रेशनिझमवर 'दृक्प्रत्ययवाद' म्हणून टीप पाठ केली होती, अजून येते. क्षणिक प्रकाशाचा परिणाम टिपणारी शैली, बाह्यरेषेचा अभाव वगैरे. पाचापैकी साडेचार मिळाले होते. एवढं सगळं लिहून दाखवलं आणि पुढं तीस वर्षं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

एका चित्रापुढं उभा राहिलो. थंडीतली सकाळ, नदी, पाण्यावर वाफ, दोन-तीन बोटी. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे. मागं सरकलो, अजून सरकलो, पाच-सहा पावलं गेलो, आणि मला गारवा लागला. एसीचा म्हणाल तर एसी बंद होता. बोटी जांभळ्या होत्या. एका अंगानं नारिंगी. बोट कुठं संपली आणि वाफ कुठं सुरू झाली, कळत नव्हतं.

लाज वाटते, पण लिहितो. माझ्या मनात पहिला विचार आला की, जरा आऊटलाइन मारली असती तर. उजव्या हाताची बोटं तशी जुळलीसुद्धा. आणि मग आमची गच्ची डोळ्यांपुढं आली.

बारा वर्षांच्या पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं असलं एकही चित्र बघितलेलं नव्हतं. तिला टाक्या जांभळ्या दिसल्या आणि तिनं त्या तशा काढल्या, बस. जे बघायला लोक कुठून कुठं जातात ते माझ्या घराच्या गच्चीवर, माझ्याच पोटच्या पोरीला दिसलं होतं, आणि मी, ज्याला टीप पाठ होती, मी त्यावर कावळे बसवले. दोन.

स्टेजवर जाऊन त्या लाल सोफ्यावर बसलो. एक बाई आल्या, "काका, जरा बाजूला होता का, फोटो घ्यायचाय." मी उठलो आणि घरी आलो. मेथी राहिली.

घरी येऊन भिंतीवरचं चित्र बघितलं. एवढी वर्षं मी ज्याला पोरीचं चित्र म्हणत होतो, त्यात डोळ्यांना आधी दिसत होतं ते सगळं माझंच. रेघा माझ्या, वायरी माझ्या, बाई माझी. पोरगी त्या सगळ्याच्या मागं कुठंतरी होती. मी तिथंच उभा राहून रडलो. बायकोला वाटलं बीपी वाढलं.

पण मी मास्तर माणूस, हात बांधून बसतोय होय? मी हिशोब केला, की पोस्टर कलर वाळला तरी पाण्यानं सुटतो. ओल्या ब्रशनं अलगद एकेक रेघ उचलली तर खालचं चित्र मोकळं होईल. दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन शहागंजात गेलो. चाचा आता थकलेत, पण दुकानात बसतात. त्यांनी मागचे खिळे काढले, कागद बाहेर काढला, खिडकीपाशी नेऊन बघितला. मी काय करणार ते सांगितल्यावर म्हणाले, "सर, पानी नक्को लगाओ इसको. नीचे का रंग भी कच्चा है." मी म्हणालो, चाचा, माझं आयुष्य गेलंय यात. ते म्हणाले, "वो तो है," आणि कागद गुंडाळून दिला.

घरी टेबलावर कागद पसरला. दोन नंबरचा ब्रश, स्वच्छ पाणी, कापूस. पहिली टाकी घेतली. काळा रंग सुटायला लागला आणि माझा जीव सुपाएवढा झाला. कापसानं टिपून घेतला. रेघ गेली. आणि रेघेखाली जे काही तिचं होतं तेही गेलं. काळ्या रेघेच्या जागी आता पांढरी रेघ होती, कोऱ्या कागदाची. आता शहाण्या माणसानं थांबायचं का नाही? मी म्हणालो, दुसरी जरा हलक्या हातानं काढू. मग तिसरी. दुपारपर्यंत सगळ्या टाक्या पांढऱ्या रेघांनी आखलेल्या झाल्या, आणि कावळ्यांच्या जागी दोन डाग.

तरी माझी खोड जाईना. म्हणालो, पांढरं भरून काढू, जांभळाच तर रंग आहे. रंग काढले. निळ्यात लाल घातला, थोडा पांढरा, थोडा पिवळा मारून बघितला, वेगळ्या कागदावर एकेक ठिपका देत गेलो. चाळीस-पन्नास ठिपके झाले असतील. एकही तिच्या जांभळ्याच्या जवळपास जाईना. माझा प्रत्येक जांभळा हा ट्यूबमधला जांभळा होता. तिचा कसा होता ते मला डोळ्यांना दिसत होतं, पण हातातून निघत नव्हता. तीस वर्षं पोरांना रंगचक्र शिकवलं, आणि सहावीतल्या मुलीनं स्वस्तातल्या रंगपेटीत केलेला रंग मला बनवता येईना.

बायको मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "अजून किती हात फिरवणार आहात त्याच्यावर?"

मी ब्रश धुवून ठेवला. तो रंग जगात एकाच माणसाला येत होता. मला दुसरं काही नको होतं. पोरीनं येऊन तेवढ्या रेघा भराव्यात, एवढंच. आणि त्या निमित्तानं तिच्या हातात पुन्हा ब्रश यावा. पण नुसतं बोलावलं तर ती हसण्यावारी नेईल. म्हणून ठरवलं, आधी तिला ते प्रदर्शन दाखवायचं. स्वतःचंच काहीतरी ओळखीचं तिथं दिसेल तिला, आणि मग मी विचारीन. रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, रविवारी कपडे असतात, सगळं असतं." मी म्हणालो, एक तास दे मला. माझा आवाज ऐकून ती येते म्हणाली.

आली. स्कूटीवर मला मागं बसवून घेऊन गेली. सारखी विचारत होती, "तब्येत बरी आहे ना? काही लपवत नाही ना तुम्ही?" हॉलमध्ये पुलापाशी तीच रांग होती. ती म्हणाली, "आपण पण फोटो काढायचा का?" मी तिला हाताला धरून थेट त्या नदीच्या चित्रापुढं नेलं.

"बघ," मी म्हणालो. "जवळून नको. इथून बघ."

ती बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. आता काहीतरी होईल, आता होईल. ती म्हणाली, "छान आहे."

मग माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. टाक्यांचं चित्र, माझी आऊटलाइन, ते कावळे, ते पाण्यानं पुसणं, पांढऱ्या रेघा, पन्नास ठिपके. म्हणालो, "चुकलं माझं, बाळा. तुला कळायच्या आत मी तुझं चित्र संपवलं."

"कळायच्या आत कशाला? मी तिथंच होते की."

"कुठं?"

"तुम्ही आऊटलाइन मारत होतात तेव्हा पाण्याचा डबा कुणी धरला होता, पप्पा?"

मला आठवेना. माझ्या आठवणीत मी शाळेच्या ड्रॉइंग रूममध्ये एकटाच बसून ते केलं होतं.

"घरी केलंत. स्वयंपाकघरात, खाली बसून. मी डबा धरून उभी होते. पाणी काळं झालं की मोरीत ओतून दुसरं आणायचे. दोनदा आणलं. तुम्ही म्हणालात, आता बघ कसं दिसतंय. मी म्हणाले, छान."

"मग बोलली का नाहीस? थांबा म्हणायचं ना मला!"

"तुम्हाला येत होतं ना. तुम्ही सर होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी धरून राहिलो असतो काहीतरी. मी म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं, आता माझं एवढंच ऐक. घरी चल, मी सगळं मांडून ठेवलंय. तेवढ्या रेघा भर. तुझाच रंग आहे, तुला येईल.

"नाही यायचा."

"अगं, एकदा बसून तर बघ. हाताला आठवतं."

"हाताचं नाही काही," ती म्हणाली. "बक्षीस मिळालं ना, त्याच्यानंतर मी रोज सकाळी गच्चीवर जात होते. परत तसं दिसतंय का बघायला. टाकीकडं बघितलं की तिच्या भोवती तुमची रेघ दिसायची. डोळे बारीक करून बघायचे, एक डोळा झाकून बघायचे. रेघ काय जाईना. थंडी संपेपर्यंत गेले रोज. मग सोडून दिलं."

ती रोज सकाळी गच्चीवर जायची, हे मला माहीत होतं. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचो, आमची पोरगी उजाडायच्या आत अभ्यासाला बसते.

तरीही विचारलं, कारण आशा सुटत नाही माणसाची. "पण आता? आता एवढ्या वर्षांनी तरी?"

तिनं समोरच्या चित्राकडं पुन्हा बघितलं. नीट, मान थोडी तिरकी करून, पार्ट तपासत असेल तसं. माझं मन मोडू नये म्हणून तिनं वेळ घेतला असणार.

"ह्या बोटींभोवतीपण दिसते ती रेघ," ती म्हणाली. मग पर्समधून स्कूटीची चावी काढली आणि म्हणाली, "चला, तुम्हाला सोडते. आई वाट बघत असेल."